मामू, बिनक्लचची गाडी नेमकी कुणासाठी होती?

मामू, गाडी आली. म्हणजे मी आणली. म्हणजे मी आणली नाही, तीच तर खरी गोष्ट आहे. थांब, नीट सांगते. नाहीतर तू म्हणशील, "ए दवंडी, शेपटाकडनं सुरू करू नको, आधी तोंड दाव."

दवंडी. या नावानं हाक मारणारा तूच एक होतास. माझ्या पोटात काही राहत नाही म्हणून. तुझी अक्कलदाढ काढली तेव्हा मी तुझ्या सुजलेल्या गालाचा फोटो फॅमिली ग्रुपवर टाकला आणि सुदुंबऱ्याच्या खालापासून कामशेतच्या न्हाव्यापर्यंत सगळ्यांचे तुला फोन, आणि तुला तर बोलताच येत नव्हतं! फोन कानाला लावून नुसता हूं हूं करत होतास आणि माझ्याकडे असा बघत होतास की बस. तेव्हापासून दवंडी.

तर. तू गेलास, घरात आलेल्या पाहुण्यांच्या चादरी अजून दोरीवर वाळत होत्या, आणि मला कंपनीत फोन आला. "काँग्रॅच्युलेशन्स मॅडम! तुमची गाडी डिलिव्हरीला रेडी आहे!" शप्पथ, हा ओटीपी कधी मागतोय याची वाट बघत बसले. मागितलाच नाही. मग अजून संशय आला. म्हणाला, "मी संकेत बोलतोय, सोमाटण्याच्या शोरूममधनं. अन्वरभाईंनी तुमच्या नावानं बुकिंग केलेलं ना? कसे आहेत भाई?"

मी म्हटलं, गेले.

पलीकडनं पेन खाली ठेवल्याचा आवाज आला. मग हळूच म्हणाला, "सॉरी मॅडम. मला खरंच... मावशी कशा आहेत?"

कुठली मावशी? याला कुठली मावशी माहितीये? विचारणार तेवढ्यात स्टोअरच्या दारात ट्रक लागला आणि राहून गेलं. पण डोक्यात खटकलं. तुझ्याच हाताखाली वाढलेय ना, खटकणारच.

आपलं भांडण अर्धं राहिलंय, लक्षात आहे ना? या गाडीचंच. आणि त्यात चूक तुझी होती, हे तू आता नाहीयेस म्हणून मी मागे घेणार नाहीये.

तू लोणावळ्याच्या स्टँडवर आख्खं आयुष्य काढलंस, मुंबईच्या लोकांना पॉइंट दाखवत फिरवलंस, आणि ते सगळं दुसऱ्यांच्या हाताखालनं आलेल्या जुन्या गाड्यांवर. दरवेळी फसलास. शेवटची ती पांढरी व्हॅन! विकणारा म्हणाला होता, डॉक्टरांची गाडी आहे, फक्त रविवारी बाहेर काढायचे. आमच्याकडे कान्ह्याला आणून तू मॅट उचललीस तर खाली चिखलाचा थर आणि त्यात एक अख्खा वाळलेला खेकडा. अम्मी हसून हसून ओट्याला टेकली. तू तो खेकडा दोन बोटांत धरलास आणि एकदम गंभीर तोंडानं म्हणालास, "डॉक्टर रविवारी नदीत उतरत व्हता वाटतं."

तेव्हाच ठरवलंस. आता घ्यायची तर नवीकोरी. "जिच्यात माज्या आधी कुनी शिंकलं पन न्हाई अशी."

तुझा तर सगळ्यांवरच संशय होता म्हणा. गॅसची टाकी आली की उचलून बघायचास. भाजीवाल्याचा काटा एकदा रिकामा बघायचास, मगच टोमॅटो. बारावीला मला चांगले मार्क पडले तर पेढा तोंडात टाकायच्या आधी विचारलंस, "तपासून घे, चुकून दुसरीचे तर न्हाई ना दिले?" आणि मग तोच पेढा खाताना डोळे पुसलेस, ते मी बघितलं होतं. बोलले नाही. बघ, कधीकधी राहतं माझ्या पोटात.

तर ठरलं काय होतं? पांढरी गाडी, गिअरची, पिवळी पाटी, स्टँडला लागणार. मी तुझ्यासोबत येऊन ब्रोशर वाचून दाखवलं. आणि मग एक दिवस तू सांगतोस की व्हॅन विकली, बुकिंग बदललं, गाडी माझ्या नावानं, पाटी पांढरी, स्टँडला लागणार नाही, आणि ऑटोमॅटिक!

तू! ऑटोमॅटिक गाडी दिसली की म्हणायचास, "मग डावा पाय काय घरी ठेवून यायचं?"

मी तेव्हा ओरडलेच. "कुणी पटवलं तुला? पडून राहिलेला माल खपवतायत ते!"

"कुनी न्हाई. मीच सांगितलं."

"का?"

"गुडघा दुखतोय."

"मग माझं नाव कशाला?"

"तुजं नाव कागदावर बरं दिसतं."

"मला गाडी येत नाही मामू!"

"न्हाई येत तर शेजारी बस. कुनी तरी चालवंल की."

कुणी तरी! हा काय जबाब झाला? मला पहिल्यांदा वाटलं शोरूमवाल्यानं गंडवलं. मग वाटलं धंदा बसलाय आणि तू लपवतोयस. मग एक भलतंच वाटलं. मी अम्मीला जाऊन म्हटलं, "मामू लग्न तर करत नाहीये ना? मामी जाऊन किती वर्षं झाली, आता अचानक खाजगी गाडी, नवा शर्ट..." अम्मी भाकरी थापत होती. अशी हसली की भाकरी फाटली. मी म्हटलं, हसायला काय झालं? तर म्हणाली, "काय न्हाई, पीठ सैल झालं." ते हसणं मला आता आठवतंय मामू, आणि त्याचा आता राग येतोय.

नंतर शोरूमनं तारीख पुढे ढकलली, रंग येत नाही म्हणून. मग परत ढकलली. मी तुला म्हटलं, बघ, गोलमाल आहे. तू नेहमीसारखा भडकला नाहीस. दाढी करता करता आरशातनंच म्हणालास, "यील, यील. घाई काय हाय." घाई काय हाय, हे तू बोलतोयस, ज्याला चहा उकळायच्या आधी गाळायचा असतो, तेव्हाच मला कळायला हवं होतं असं सगळे म्हणतील. मी नाही म्हणत. मला कसं कळणार होतं? तू कळू दिलं नाहीस.

आणि एका सकाळी तसाच, दाढीचा फेस गालावर असताना, गेलास.

अब्बांचं म्हणणं सरळ होतं. बुकिंग रद्द करा. घरात गाडी येते कुणाला? मला नाही, त्यांना नाही. दारात उभी राहून पत्रा गंजणार. आणि खरं सांगू? मलाही नको होती. मेलेल्या माणसानं घेतलेली गाडी, जिचं कारण त्यानं सांगितलं नाही, ती दारात बघून रोज मी काय करणार होते? पण रद्द म्हटलं की सगळे म्हणणार, मामूनं एवढ्या मायेनं घेतली आणि पोरीनं परत केली. म्हणून मी ठरवलं. गाडीत खोट काढायची. एक ओरखडा पुरे. सही माझी लागणार होती, सदोष गाडीवर सही न करायचा माझा हक्क आहे. म्हणजे मी गाडी घ्यायला नव्हते निघाले मामू, नाकारायला निघाले होते.

अम्मी म्हणाली, "चल, बघून तर येऊ." आणि पायात माझे जुने कॅनव्हासचे बूट घातले. नाड्या घट्ट बांधून! लग्नाला, मयताला, बाजाराला, सगळीकडे चपलेवर जाणारी बाई. मी म्हटलं हे काय? "चिखल असंल तितं." शोरूममधे चिखल!

भर दुपारी पोचलो. तुझंच सांगणं, गाडी उन्हात बघायची, ट्यूबलाइटखाली म्हातारी पण नवरी दिसती. दारात पाटीवर माझं नाव, भोवती नकली फुलं. आत एसी इतका की दात वाजतील. आणि संकेत, माझ्याच वयाचा, इस्त्रीचा शर्ट, पळत आला. मला विचारलं, "मॅडम, चहा की कॉफी?" आणि अम्मीपुढे न विचारता कप ठेवला. "मावशी, तुमचा बिनसाखरेचा."

मी त्या कपाकडे बघत राहिले. अम्मीनं साखर सोडल्याला फार दिवस झालेले नाहीत. आमच्या शेजारणीला माहीत नाही. याला कसं माहीत? अम्मी खाली बघून चहा प्यायली. फुंकर मारत, सावकाश, एखादी बाई पहिल्यांदाच आलेल्या ठिकाणी पिते तशी. जरा जास्तच तशी.

गाडी कोपऱ्यात लाल चकचकीत कापडाखाली. वर मोठा बो. तू असतास तर म्हणाला असतास, "कापड टाकलंय म्हंजी कायतरी झाकलंय." बाजूला केक, टेबलाएवढी पुठ्ठ्याची चावी, गाणं लावायला एक पोरगी तयार. संकेत म्हणाला, "मॅडम, आधी अनव्हेलिंग, मग फोटो, मग पेपर."

मी म्हटलं, "उलटं. आधी गाडी बाहेर उन्हात घ्या. फोटोबिटो काही नको. घरात दुःख आहे."

तो वरमला. खरंच वरमला. कापड स्वतःच काढलं, बो खिशात कोंबला, केक आत पाठवून दिला. ऐकणारा माणूस दिसला की मला अजून संशय येतो. एवढं ऐकतोय म्हणजे दाबण्यासारखं काहीतरी आहे.

मग मी सुरू झाले. मामू, तू बघायला पाहिजे होतंस! चॅसी नंबर मी फोनच्या टॉर्चनं वाचला आणि बिलावरच्या नंबराशी एक एक अक्षर लावलं. जुळला. कधी बनली तो महिना बघितला. ताजी. किलोमीटर बघितले, यार्डातनं इथवर यायला लागतील तेवढेच. टायरवर ते रबराचे बारीक केस असतात ना, नव्या टायरवर, ते हात फिरवून बघितले. होते. चारी काचांवरचे आकडे सारखे. डिकीतलं पाचवं चाक काढायला लावलं, जॅक, पाना, त्रिकोण, सगळं बाहेर मांडलं, भांड्यांचं दुकान लावल्यासारखं. मॅट उचलून वास घेतला. हो, घेतला! शोरूमची सगळी माणसं काचेतनं बघत होती. नव्या प्लॅस्टिकचा वास. खेकडा नाही. दुसरी चावी मागितली, दिली. विम्यावरचं नाव, फास्टॅग, दिवे, वायपर, हॉर्न. पेट्रोलचा काटा तळाला टेकलेला. मी म्हटलं, "हे काय?" संकेत म्हणाला, "मॅडम, पंपापर्यंत जाईल एवढंच टाकतात, सगळ्यांना तेवढंच." म्हटलं, चला, एक तरी सापडलं. पण पेट्रोल कमी म्हणून कोण गाडी परत करतं?

संकेत मधेमधे ब्लूटूथ कसं जोडायचं सांगत होता आणि घाम पुसत होता. "मॅडम, नंतर कंपनीतनं फोन येईल फीडबॅकचा. प्लीज दहापैकी दहा द्या. नऊ दिले तरी आम्हाला नापासच धरतात." हे ऐकून तर मी दुप्पट जोरात शोधायला लागले.

आणि सापडला! मागच्या डाव्या दारावर, हँडलच्या खाली, केसाएवढा, पण लांब. ओरखडा! मामू, मला इतका आनंद झाला की काय सांगू. मी बोट ठेवून उभी राहिले. "हे काय आहे? नवीन गाडीला ओरखडा? ही गाडी मी घेणार नाही. रद्द करा."

संकेतचं तोंड उतरलं. त्यानं माझ्याकडे नाही, अम्मीकडे बघितलं.

अम्मी आली. वाकली. ओढणीचं टोक जिभेला लावलं आणि दार पुसलं. ओरखडा गेला! प्लॅस्टिकची पट्टी काढताना राहिलेला डिंक होता तो. अम्मी सरळ झाली आणि म्हणाली, "झालं तुजं? आता सही कर."

"नाही करत."

"का न्हाई?"

"चालवणार कोण?" मी ओरडले. सगळ्या शोरूमनं ऐकलं. "मामू नाहीये! मामू असता तर ठीक होतं, आता कोण चालवणार ही गाडी? सांग ना, कोण?"

"मी," अम्मी म्हणाली.

मला वाटलं दुःखानं हिच्या डोक्यावर परिणाम झाला. तेवढ्यात संकेत हळूच बोलला, "मॅडम, टेस्ट ड्राइव्ह मावशींनीच घेतली होती की, इथंच यार्डात. भाई मागं बसले होते."

मामू. तू मागं बसला होतास.

मी सही केली. का केली माहीत नाही, हात आपोआप गेला. अम्मीनं पर्समधनं लर्निंग लायसन्स काढलं. तिचा फोटो त्यावर, हसतेय! आधार कार्डावर रडका चेहरा असलेली माझी आई लायसन्सवर हसतेय. संकेतनं पुढच्या काचेला लाल 'एल' चिकटवला आणि शेजारी बसला, म्हणाला मी लोणावळ्याचाच, कुठंही चला, मी सोबत येतो. मी मागं बसले. जिथं तू बसला होतास तिथंच बहुतेक.

अम्मीनं सीट पुढे घेतली, आरसा लावला, बिस्मिल्ला म्हटलं आणि गाडी अशी काही निघाली की मी तोंडावर हात ठेवला. यार्डात सुरेख गोल फिरली. मग गेटशी येऊन थांबली. थांबूनच राहिली.

"हितनं डावीकडं जायचं?" तिनं विचारलं.

"हो मावशी, हायवेला डावीकडे."

"मला उजवीकडंच वळता येतं."

संकेत म्हणाला, "म्हणजे?"

"म्हंजी मी एकीकडंच शिकलेय. गोल गोल. उजवीकडं."

मामू, मी त्या मागच्या सीटवर हसले. तू गेल्यापासून पहिल्यांदा, आणि इतकी हसले की शेवटी रडायलाच लागले आणि कुणाला फरक कळला नाही. संकेत खाली उतरून पुढे उलटा चालत दोन्ही हातांनी "थोडं, थोडं, अजून थोडं" करत राहिला, आणि अम्मी जुन्या हायवेवर एकदाची डावीकडे वळली, आख्खा रस्ता अडवून. मागनं ट्रकवाल्यानं हॉर्न दिला. अम्मीनं आरशात बघून तुझ्याच स्टाइलमधे म्हटलं, "थांब की, तुजी म्हैस व्यायलीय का?"

पंपावर टाकी भरली. वडगाव गेल्यावर मी विचारायला लागले. संकेत बिचारा खिडकीतनं असा बाहेर बघत होता जणू हे डोंगर आज पहिल्यांदाच उगवलेत. अम्मी रस्त्यावरची नजर न काढता तुकड्या तुकड्यानं बोलली. व्हॅन विकलीस त्याच्या आधी तू तळेगावला डॉक्टरकडे गेला होतास. हृदय नीट काम करत नाहीये म्हणाले. घाटात गाडी चालवायची नाही, एकट्यानं तर चालवायचीच नाही. तू येऊन अम्मीला सांगितलंस आणि पुढच्याच वाक्यात म्हणालास, "नसीम, तू गाडी शिक. डब्याच्या रिक्षावाल्याच्या मिनत्या किती दिवस करशील?"

अम्मीचे डबे. टाकव्याच्या कंपन्यांत रोज जातात, आणि रिक्षावाला नाही आला की ती दोन्ही हातांत पिशव्या घेऊन रस्त्यावर उभी. मी तिला कितीदा म्हटलं, मी ॲप टाकून देते, ऑनलाइन कर. तू ॲप नाही, गाडी टाकलीस.

आणि शिकवलंस कुठं, तर बंगल्यात! लोणावळ्यातले ते बंद बंगले, मालक मुंबईला, गाडी इथं शेडमधे, आणि बॅटरी उतरू नये म्हणून कुणीतरी आठवड्यातनं एकदा चालू करून फिरवायची असते. एका बंगल्याचं ते काम तुझ्याकडे होतं, हे मला माहीत होतं. ती गाडी ऑटोमॅटिक होती, हे मला माहीत नव्हतं. दर गुरुवारी अम्मी तुझ्या खोलीवर स्वयंपाक करून यायला जायची ना? स्वयंपाक कसला! तुम्ही दोघं त्या शेठच्या हिरवळीभोवती गोल फिरत होता. एकाच दिशेनं, कारण दुसऱ्या बाजूला शेड आडवी येते. ज्याला गॅसच्या टाकीवर विश्वास नाही, तो माणूस शेठला न सांगता शेठच्या गाडीवर बहिणीला शिकवतो! मामू, काय म्हणू तुला? बंगला कुठला ते मी इथं लिहीत नाही. कुणालाच सांगणार नाही. हे पण राहील बघ पोटात.

"मग मला का नाही सांगितलं?" मी विचारलं. रस्त्याला चढ लागला होता. अम्मीनं आरशात बघितलं. "अम्मी, मी इतकी का परकी? त्याचा सगळ्यांवर संशय होता, माझ्यावर पण होता?"

"समोर ट्रक हाय. आत्ता बोलू नको."

ट्रक लांब होता.

खरं म्हणजे गाडी, गिअर, नाव, सगळं मला एव्हाना कळलं होतं. नाव माझं, म्हणजे तुझ्यामागं कुणाला कागदांसाठी फिरावं लागू नये. क्लच नाही, कारण अम्मीला सोपं जावं. एवढ्या हुशारीनं तू सगळं लावलंस. फक्त मला वगळलंस. दवंडी पिटेल, ग्रुपवर टाकेल, सगळे रडत येतील, म्हणून? बरोबर आहे की मी टाकते. दाढ टाकली, नवीन चप्पल टाकली, गॅलरीत आलेलं माकड टाकलं. पण हे टाकलं असतं का मी? तुला खरंच वाटलं, मी हे टाकलं असतं? कान्हे आलं, घराचा फाटा आला, मला वाटलं आता वळेल. अम्मी सरळच गेली. मी म्हटलं, कुठं? म्हणाली, "आबाला पेढे द्यायचे हायत. तुजं जे काय हाय ते त्याला ईचार. मला न्हाई सांगता यायचं."

बबन आबा म्हणजे त्या बंगल्याचा राखणदार, मागच्या डोंगरावरच्या वाडीतला. मी त्याला तुझ्या मातीला बघितलं होतं, लांब उभा होता, टोपी हातात धरून. आज त्यानं बंगल्याचं गेट उघडलं, गाडी आत घेतली, आणि काही बोलायच्या आधी लोटाभर पाणी आणून पुढच्या दोन्ही चाकांवर ओतलं. मग बॉनेटला हात लावून तो कपाळाला लावला. आणि अम्मीला म्हणाला, "नसीमबाय, डावीकडं वळली का गं?"

"वळली आबा. समदा हायवे घेऊन वळली."

"मी सांगत व्हतो अन्वरला, शेड तोडावी लागंल!"

दोघं हसले. तू तिथंच कुठंतरी असल्यासारखे. संकेत पेढ्याचा बॉक्स धरून उभा होता, त्याला आबानं पायरीवर बसवलं. मला राहवलं नाही. मी सरळ विचारलं, "आबा, मामूनं मला का नाही सांगितलं?"

आबानं माझ्याकडे बघितलं. तंबाखू मळायची थांबवली.

"सांगनार व्हता की पोरी."

"कधी?"

"गाडी येनार त्या दिशी. मी बोललो त्याला, आरं पोरीला सांग, लपवून काय व्हनार हाय. तर म्हनला, आबा, गाडी बघून ती लय वरडनार. लय म्हंजी लय. त्या वरडन्यात मी हळूच सांगून टाकीन. म्हंजी निम्मं तिला ऐकूच जायचं न्हाई, आन् निम्मं ऐकंस्तोवर आमी गाडीत बसल्यालो आसू."

मामू, हे खरं आहे का?

तारीख दोनदा पुढे गेली. रंग येत नव्हता म्हणून. तू आरशातनं म्हणालास, घाई काय हाय.

मी आबाचं तोंड बघत राहिले. म्हातारा माणूस, समोर रडवेली पोरगी, बरं वाटावं म्हणून काहीही बोलेल. तू असतास तर हाच विचार केला असतास. त्याच्या डोळ्यांत बघितलं, तर तो खाली बघून परत तंबाखू मळायला लागला होता. अम्मीकडे बघितलं, तर ती पाठ करून गाडी पुसत होती, पुसण्यासारखं काही नसताना. दोघांनी मिळून ठरवलं असेल का हे? वाटेत अम्मीनं कुणाला फोन केला नाही, पण आधी केला असेल. मला कळायचा काहीच मार्ग नाही. तू एकटाच सांगू शकला असतास.

आबा म्हणाला, "एक फेरी मारा की, हिरवळीला. त्याची सवय हाय बायला."

अम्मी परत गाडीत बसली. संकेत पुढे बसायला निघाला तर आबानं त्याचा हात धरून थांबवलं, "आतल्या आत हाय, काय न्हाई व्हत." मग मी पुढे बसले. अम्मीनं गाडी सोडली आणि ती हिरवळीभोवती फिरायला लागली, उजवीकडे, उजवीकडे, इतकी अलगद की मला अम्मीचे हात बघून कळेना ही बाई रोज भाकरी थापते तीच का. नवी गाडी, मामू. आपली. जिच्यात आपल्या आधी कुणी शिंकलं पण नाही.

मी ओरडले.

शोरूममधे ओरडायचं राहिलं होतं ते सगळं ओरडले. काचा बंद होत्या, गळा फाटेपर्यंत ओरडले, अम्मीनं ब्रेक दाबला नाही की गप्प बस म्हटलं नाही, ती फिरवतच राहिली. आणि मग मी मधेच थांबले. एकदम गप्प बसले, कान उघडे ठेवून, तुला बोलायला जागा करून.